फक्त वायरिंग राहिलंय

शुक्रवारपर्यंत एक तरी विक, मी म्हणाले,
लिंडसेला त्याचं गवत बांधायचं यंत्र ठेवायला जागा हवीय,
भाडं आगाऊ दिलंय त्यानं, ते छपरावर खर्चही झालंय.
तू चहाचा कप घेऊन शेडकडे निघालास
आजाऱ्याच्या खोलीत जावं तसा, दार न वाजवता.

या शेडमध्ये पूर्वी मेंढ्या भादरायचे.
फळ्यांमध्ये लोकरीचं तेल अजून मुरलेलं आहे,
हात टेकला की तळवा मऊ होतो.
आता चार गाड्या. चाकं मोजून अकरा.
एक ना धड, भाराभर पत्रा.

हिलमन इम्प घेतलीस तेव्हा रॉस पर्थला गेला होता
आणि घर फार नीटनेटकं राहू लागलं होतं.
तिचं इंजिन माझ्या कपडे धुण्याच्या खोलीत,
जुन्या चादरीखाली; पाहुण्यांना मी सांगते, शिलाई मशीन आहे.
हंबर ठोकळ्यांवर. तिच्याबद्दल आपण बोलत नाही.
व्हिक्टरच्या तळाला इतकी मोठी भोकं
की मागच्या सीटवर बसून गवत उपटता येतं.
एका कोंबडीनं तिथे सलग दोन वर्षं अंडी घातली,
त्या घरात वापरात आलेली ती एकच गाडी.

आणि ट्रायम्फ.
गडद हिरवी, तीन हात रंग, क्रोममध्ये तोंड दिसतं.
सीटा मी शिवल्या. चामड्यात सात सुया मोडल्या,
एक बोटात.
फक्त वायरिंग राहिलंय, तू म्हणायचास.
नऊ हिवाळे फक्त वायरिंग राहिलं होतं.

बघायला आलेल्यांची तऱ्हा एकच.
एकानं टायरला लाथ मारली. एकानं
फोनवर कुणाला तरी आख्खी शेड दाखवली, हसला.
तू सगळ्यांना व्हिक्टर दाखवलीस,
भाव असा सांगितलास की माणूस उभ्या उभ्या परत फिरावा.
मला कळत होतं.

गुरुवारी ब्लफहून मेरेआना आली,
बोटींच्या इंजिनांवर काम शिकणारी, नखांत ग्रीस,
थंडीनं कान लाल. टॉर्च घेऊन
सरळ ट्रायम्फखाली शिरली. बराच वेळ
नुसते बूट दिसत होते.
मग खालूनच विचारलंन,
‘कुठे थांबलात?’

केवढ्याला नाही. का नाही. कुठे.
तू वही काढलीस. लाल वायर कुठून कुठे,
कुठला फ्यूज तुला पटला नव्हता,
कुठल्या पानानंतर पानं कोरी.
तासभर बोललास. गेल्या वर्षभरात माझ्याशी
एवढं बोलला नसशील, आणि मला राग आला नाही,
म्हणजे थोडा आला.

मला वाटलं होतं माणूस मोडकं विकतो.
रात्री ताटातलं बटाटं उगाच फिरवत तू म्हणालास,
‘ती संपली असती नोलीन.
मग मी तिच्यात बसून कुठे गेलो असतो?’
मी म्हटलं, डनीडिनला. माझ्या बहिणीकडे.
तू म्हणालास, ‘तेच ना.’

शुक्रवारी ट्रेलरवर चढवताना
मी मेरेआनाच्या हातात दोऱ्याचं रीळ दिलं,
तोच रंग, उसवलं तर लागेल म्हणून.
तिनं ते खिशात नाही, पुढच्या सीटवर ठेवलं
आणि पट्टा लावला. तू खडीच्या रस्त्याकडे
बघत राहिलास, धूळ नव्हती तरी.

शनिवारी सकाळी शेडमध्ये गेले
तर रिकाम्या जागेत, तेलाच्या डागावर, व्हिक्टर उभी,
तीन चाकं आणि एक जॅक,
बॉनेट उघडं, दिवा लटकवलेला.
त्या गुडघ्यानं एकट्यानं कशी ढकललीस
ते मी विचारलं नाही.
तेवढ्यात लिंडसेचा फोन: आणू का यंत्र?
तू माझ्याकडे बघितलंस.

सोमवारी, मी सांगितलं. सोमवारी दुपारी आण.