पाव गुंज

गुजरीतली शटरं वर जायच्या आधी हुरमतबी येते.
पायऱ्या झाडते, फरशीच्या फटी ब्रशनं कोरते,
गटाराचा गाळ टोपल्यात घेते.
सोनारांच्या मांडीवरून, चपलांच्या तळव्यांवरून
निसटलेलं सोनं तिचं.
तीन पिढ्यांचा हा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

माझी टपरी बोळाच्या तोंडाशी.
फुटलेल्या काचा बदलतो,
मेलेले फोन बिस्किटाच्या डब्यात टाकतो.
परवा ती डब्यापाशी थांबली.
"यात किती असंल रं, इंद्रा?"
"एका फोनात पाव गुंज. तेबी फार झालं."
तिनं तळहात पुढं केला,
पाव गुंज बघायचीच होती तिला.

मग एक उघडला.
हे तांबं. हे कथील, डाख द्यायला.
ही पाठ अ‍ॅल्युमिनियमची. राधानगरीच्या सड्यावरनं
तांबडी माती भरून ट्रक उतरायचे बघ, तसल्या मातीतली.
ही गारगोटी. गाव नव्हे, दगड.
तिळाएवढा तुकडा, सेकंदाला बत्तीस हजार वेळा थरथरतो,
म्हणून घड्याळ चुकत नाही.
हे टँटलम. कुठल्या डोंगरातनं आलं,
कुणी उपसलं, त्याचं वय काय, ठाऊक नाही.
"इचारायचंस तरी," ती म्हणाली.
कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

शेवटी स्पीकर फोडला.
मसुरीएवढं लोहचुंबक निघालं. नाव निओडिमियम.
तिला म्हणता आलं नाही, मलाही एका दमात नाही.
पान्याला ते असं चिकटलं
की नखानं सोडवताना नखच वाकलं.
"हे दे मला," ती म्हणाली. "सोनं ऱ्हाऊ दे तुझं."

आता तिच्या परातीत, वाळल्या गाळावरून
ते फिरतं, धोतराच्या चिंधीत बांधलेलं.
कानशीचा कीस, सायकलचा गंज, मोडक्या सुया
टुणकन उडून चिंधीला बिलगतात.
खाली जे हलत नाही
ते ती फुंकर न घालता बघत बसते.

काल एक गिऱ्हाईक आलं, कावलेलं.
"पलीकडचं ऐकू येतंय, पण रिंगच वाजेना."
डबा पालथा केला.
त्या मॉडेलचा एकच स्पीकर होता माझ्याकडं,
तोच फोडलेला.
"न्हाई मिळत आता," मी म्हणालो.
बोळाच्या आतनं परात हलवल्याचा आवाज येत होता.