खिडकीचा पाय

मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच,
सिडकोतल्या सोसायटीचा हॉल.
किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी झोपलेले.
तोवर जिन्यातच हजेरी घेते.
बावीस पोरी, एक पोरगा,
आणि चपलांचा ढीग, ज्यातली एक जोडी
रोज चुकीच्या घरी जाते.

पहिल्याच महिन्यात कळलं,
डावा-उजवा हे शब्द सात वर्षांच्या पायापर्यंत
पोचत नाहीत,
गुडघ्याच्या आसपास कुठंतरी विरतात.
उजव्या मनगटांना रबरं बांधून पाहिली.
रबरांची गलोल झाली.
मग म्हटलं, बघा गं,
हा खिडकीचा पाय. हा दाराचा.
खिडकीत पांडवलेणीचा डोंगर,
दारात पाण्याची मोटार.
ता, खिडकी. थेई, दार.
थेई, खिडकी. तत्, दार.
आणि आ थेई थेई तत् ला
दारापासून सुरुवात.
तेवीसच्या तेवीस पाय एकदम पडले.
(बरं, एकवीस.)
खालच्या मजल्यावरचे घुमरेकाका
झाऱ्यासकट वर आले.

तर असं चालतं.
कुणाच्या वेणीतली पिन घुंगरांत सापडते.
कुणाची आई विचारते,
गाण्यावर कधी बसवणार, मामाच्या लग्नात नाचायचंय तिला.
ईशान पगारे चक्कर घेताना भिंतीवर आपटतो
आणि भिंतीला सॉरी म्हणतो.
हिंदवी गांगुर्डे समेवर येते ती सतराव्या मात्रेला.
सोळांच्या तीनतालात ही एक जास्तीची
ती कुठून आणते,
वर्षभर शोधते आहे मी.
अंबडची शिफ्ट सुटली की तिचे वडील
कंपनीच्या निळ्या शर्टात दाराशी उभे राहतात.
त्यांचीही मान हलते
सतराव्यालाच.

डिसेंबरात कार्यक्रम.
मोठं सभागृह, भाड्याचे झगमगीत लेहेंगे,
तीन पोरींच्या डोळ्यांत गेलेलं काजळ.
पडदा उघडला, तबल्यानं लेहरा धरला,
आणि पोरी नुसत्या उभ्या.
मान इकडं, मान तिकडं.
तेवढ्यात सगळ्यात बुटकी, कृतिका बोरस्ते,
माइकच्या अगदी पुढ्यात,
"बाई, खिडकी कुठंय?"

अख्खं सभागृह हसलं.
मी नेमकी दाराच्या बाजूच्या विंगेत.
मागच्या काळ्या पडद्यामागून धावले,
वायरीत अडखळले, कुणाचा तरी चहा सांडला,
पलीकडच्या विंगेत पोचले
आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन
चौकट केली.
एवढी वर्षं हस्तमुद्रा शिकले, शिकवल्या,
ही कुठल्याच पुस्तकात नव्हती.
कोपर दुखेपर्यंत तशीच उभी राहिले.
घामेजलेली, पदर खोचलेली
एक खिडकी.

ता.
सगळे पाय डोंगराकडचे.
ईशानला भिंत मिळाली नाही,
तो बिचारा गोल फिरतच राहिला.
सोळाव्याला बावीस जण थांबले,
मग एक श्वास,
मग हिंदवी.
मागच्या रांगेतून एकाच माणसानं
बरोबर वेळेवर टाळी वाजवली.

रात्री साडेदहाला रिक्षा,
मांडीवर घुंगरांचं गाठोडं,
प्रत्येक खड्ड्याला ते ताल सोडून बोलत होतं.
त्रिमूर्ती चौकात त्यानं विचारलं,
"मॅडम, डावीकडं की उजवीकडं?"
मी बाहेर बघितलं.
डोंगर दिसत नव्हता, नुसता अंधार.
"उजवीकडं," म्हटलं, अगदी ठाम.

अर्धा किलोमीटर गेल्यावर
परत फिरावं लागलं.
पोरींना सांगू नका,
पण रबर पहिल्यांदा मी
माझ्याच मनगटाला बांधलं होतं.