दीड फूट

सिडकोतलं घर. न्हाणीघर एवढंसं की
साबण पडला तर दार उघडून वाकावं लागे.
आत्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं
आणि मी स्वयंपाकघराकडे दीड फूट मागितलं.
शैला म्हणाली, फडताळ जाईल.
गेलं. डबे अजून पलंगाखाली आहेत.

गवंड्याचा आकडा ऐकून
मीच छिन्नी उचलली.
अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं
लेथवर मायक्रॉन मोजलेत,
भिंतीचं काय एवढं!
भिंत दोन दिवस पडली नाही.
मग एकदम पडली,
कढीत.

त्रिमूर्ती चौकातून स्कूटरवर टाइल्स आणल्या,
तीन फुटल्या. पाइप बुजवला, पुन्हा फोडला.
पाण्याची नळी धरून लेव्हल घेतली,
तरी उतार उलटाच:
पाणी जाळीकडे न जाता
खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन बसतं,
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं.

काल, नाशिकची ही हाडं गोठवणारी थंडी,
आत्या स्टुलावर बसून न्हात होती.
वाफेला अजून हिंगाचा वास येतो.
आतून ओरडली,
"दिवाकरा, अरे,
माझं कोपर कुठेच लागत नाही!"

मी दाराबाहेर,
वायपर घेऊन उभा.