बियाणाला राहिलेलं घोसाळं

विडी घरकुलात आमच्या मागच्या दारी
आठ बाय अकरा फूट मुरूम होता.
कुदळ मारली की ठिणगी उडायची.
तीन वर्षं मी त्याला शेंगांची टरफलं चारली,
ईरव्वाच्या चटणीच्या कारखान्यातली, पोत्यानं,
आणि कडक भाकरीचा भुगा,
जो मुंग्यांनीच जास्त खाल्ला.
चौथ्या वर्षी गांडूळ दिसलं. एकच.
अम्माला हाक मारून दाखवलं,
घरी पाहुणा आल्यासारखं.

पाणी पाचव्या दिवशी. कधी सहाव्या.
आधी हंडे, मग टाकी, मग आम्ही,
आणि आमच्या अंगावरून उतरलेलं
मोरीतून केळीला, अळूला.
माझ्याच साबणाचं पाणी, म्हणून धीर करते.
अळू थोडं कुरकुरलं.
केळ काही बोलली नाही.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला
तेव्हा अम्मा म्हणाली, तंबाखूचं पाणी मार.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या,
आणि सुपाच्या तळाची भुकटी
तिनं डब्यात जपून ठेवलेली, कशाला कोण जाणे.
मी नको म्हटलं.
तो वास घरातून घालवायलाच तर मी साबण शिकले.
आठवड्यात पिठ्या कळ्यांपर्यंत चढला.
मग एका रात्री, तिला न सांगता,
तिच्या भुकटीचा काढा केला,
त्यात माझ्या वडीचा चुरा, आणि फवारला.
पिठ्या गेला.
घोसाळ्याच्या फुलांवरच्या मधमाश्याही
दोन दिवस फिरकल्या नाहीत.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साबण शनिवारी रात्री, सगळे झोपल्यावर.
करडईचं तेल, खोबरेल, फेसासाठी एरंडेल.
कॉस्टिक पाण्यात सोडायचा,
पाणी कॉस्टिकात कधीच नाही:
भिंतीवर खडूनं लिहिलंय मराठीत, तेलुगूत,
आणि ईरव्वा मदतीला येते म्हणून कानडीत.
माझ्या डाव्या मनगटावर एक पांढरा डाग आहे,
त्या वाक्याच्या आधीचा.

जुळे सोलापुरात बचत गटांचं प्रदर्शन होतं.
एका बाईंनी वडी नाकाला लावली, म्हणाल्या,
यात केमिकल नाही ना?
शेजारच्या पापडवालीनं डोळ्यानं खुणावलं, नाही म्हण.
मी म्हटलं, घालते की ओ.
सहा आठवडे मुरलं की उरत नाही,
तेल आणि ते एकमेकांत संपतात.
बाईंनी वडी जागेवर ठेवली, नीट, सरळ करून,
आणि पुढच्या टेबलावरनं हिरवी घेतली.
इतकं हिरवं पान
माझ्या अंगणात आजवर आलेलं नाही.

यंदा एक घोसाळं पत्र्याआड दडून राहिलं.
भजीचं वय निघून गेलं, मग भाजीचं.
वैशाखात सापडलं तेव्हा खुळखुळत होतं.
साल काढली तर आत जाळीच जाळी.
अम्मानं ती बोटांनी चाचपली,
तिच्या बापाच्या मागावरचं कापड
ती असंच चाचपत असेल,
आणि म्हणाली, कुठं तुटला नाही धागा.
बिया छप्पन्न. पुडीत बांधल्या.
जाळीच्या चकत्या केल्या,
एकेकीवर वाळ्याचा साबण ओतला.
टॉवेलच्या कारखान्यात कापून टाकलेल्या
काठाच्या पट्ट्या मिळतात, त्यात गुंडाळल्या.

सहा आठवड्यांनी पहिली वडी अम्माला.
तिनं हात धुतले, कोपरापर्यंत,
जाळीनं खसखसून.
हुंगले. वाळा, म्हणाली.
ओट्यावर बसून राहिली तशीच.
मी पलीकडे पाट्या धुवत होते.
पंधरा मिनिटांनी परत हुंगले.
आला बघ, म्हणाली,
नळाला पाणी आल्यावर म्हणते त्याच आवाजात,
आणि ओले हात जास्वंदीवर झटकून
भाकरी करायला उठली.