एसच्या आधी की नंतर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात
हंसापुरीतल्या निनावेंचा बोर्ड माझ्याकडे आला.
कूलरचं दुकान, सीझन डोक्यावर.
थोरल्याने कागदावर इंग्रजीत लिहून दिलेलं,
'सन'नंतर, एसच्या आधी एक टिंब लटकवलेलं,
खिळ्याला टोपी लटकवावी तसं.

मी म्हटलं, मोरूभाऊ,
ॲपॉस्ट्रॉफी इथं लावली तर पोरगा एकच होते.
दोघांचं दुकान असन तर एसच्या नंतर लावा लागते.
आन् कूलर्सच्या डोक्यावर तर काढाच,
ते नुसते पुष्कळ आहेत, मालक नाहीत कशाचे.

मोरेश्वर कागदाकडे पाहत राहिला.
"जसं लिहेल हाये तसं काप ना बे."

हे मला घाटे मॅडमनी शिकवलं,
महापालिकेच्या शाळेत, तापल्या पत्र्याखाली:
मराठीत मालकी शब्दाच्या पोटात शिरते,
भाऊचा भावाचा होतो, शब्द वाकतो.
इंग्रजीत शब्द ताठच,
एक स्वल्पविराम तेवढा वर चढून बसतो.
आणि घंटा वाजता वाजता म्हणाल्या,
अक्षर गळालं तरी हीच खूण.
जिथून गेलं तिथंच लावायची, सोयीनं नाही.
आम्ही सोयीनंच लावायचो.

संध्याकाळी धाकटा, गुणवंत,
बुलेट बंद न करताच: "टिंब कुठं लावलं?"
शाळेत दोघांनाही इंग्रजीत पस्तीस.
आता अर्ध्या इंचासाठी
वकिलाचं नाव निघालं.

मी सगळी अक्षरं चिकटवली.
ते तेवढं ठेवलं बोटावर, लाल, नखाएवढं.

बोर्ड चढवायच्या दिवशी शिडीखाली त्यांची माय आली.
वाचता येत नाही तिला.
"हे काय होय रे बाप्पा?"
दोन्ही पोरं दोन बाजूंना, मधे ओल्या खसचा वास.
मी म्हटलं, काकू,
कोणी निघून गेलं ना, की त्या जागेवर हे लावतात.
खोटं नव्हतं. घाटे मॅडमचा अर्धा नियम होता.

ती मान वर करून बराच वेळ उभी.
"याईच्या बापाचं नाव कुठं हाये?"
दाखवलं. निनावे. ते डावीकडचं, मोठं.
"मंग त्याच्यापाशी लाव."

नियमात बसत नव्हतं.
शिडी डावीकडे सरकवली.
मॅडम कधी हंसापुरीतून गेल्याच
तर लाल पेनानं गोल करतील.
करू दे.