नियमात नसलेला आजार

फ्रायबर्गमध्ये, दातांच्या जुन्या दवाखान्यात
ओटोकार आणि वीलँड दर गुरुवारी लढतात.
खुर्ची गेली, दिवा राहिला;
त्याच्याच उजेडात हिरव्या कापडावर
बोटाच्या पेराएवढ्या पलटणी उभ्या राहतात,
सतराशे अठ्ठावन्नच्या.

वीलँडला चुकलेलं बटणसुद्धा खपत नाही.
म्हणून तो चर्चच्या मृत्युनोंदी चाळायला गेला,
कॉलरचा रंग कुठे लिहिलाय का बघायला,
आणि सापडलं भलतंच:
एका पलटणीतली एकोणीस नावं, एकाच आठवड्यातली.
गोळी एकालाही नाही.
सगळ्यांपुढे एकच शब्द, हगवण.
शेवटचा ताशेवाला. वय चौदा. नाव लागत नाही,
शाई तिथे फुटलेली.

नियमपुस्तकात तोफेला तीन पानं आहेत,
घोडदळाला पाच,
चिखलालाही एक तक्ता.
पोटाला काही नाही.

ओटोकार म्हणाला, मग फासा टाकू.
लढाईच्या आधीच. एक पडला तर
पाचातला एक शिपाई परत डब्यात.
वीलँडने टाकला.
एक.

कुरकुरत, मोजून माणसं उचलली त्याने.
डावी फळी उघडी पडली,
साडेआठलाच हरला.

ताशेवाला मात्र टेबलावरच होता.
"हा कसा सुटला?" ओटोकारने विचारलं.
वीलँड ब्रश धूत राहिला.
"त्याचा रंग अजून वाळायचाय," म्हणाला.

गेल्या मार्चपासून
तो वाळतोच आहे.