ऐकणारे : अकरा

हॅनकॉक गावात एप्रिलपर्यंत बर्फ असतो
आणि रेइनो कांगासच्या तळघरात बारा महिने रेडिओ.
मनोरा नाही, परवान्याची पाटी नाही,
एक धापा टाकणारा संगणक, एक ग्रामोफोन,
आणि तांब्याच्या खाणीत राबायला आलेल्या लोकांनी
फिनलंडहून बोचक्यात बांधून आणलेलं,
इथेच तबकड्यांवर उतरवलेलं, इथेच विसरलेलं संगीत.

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो.
ऐकणारे : अकरा.
टास्मानियातली रात्रपाळीची नर्स,
थंडर बेचा आंधळा सुतार,
औलूमधलं कुणीतरी, जे वाल्ट्झ लागला की येतं
आणि पोल्का सुरू झाला की निघून जातं.
गुडघे दुखत असतील, रेइनो म्हणतो.

मार्चमध्ये पत्र आलं.
अर्ध्या गावाचे कर मी भरते, म्हणून तो ते माझ्याकडे घेऊन आला.
दर गाण्याला, दर ऐकणाऱ्यामागे
सेंटचा एक अंश, नखावर मावेल एवढा.
शिवाय मागच्या सव्वा वर्षाचा.
मी गुणाकार केला.
तासाला पंधरा गाणी, दिवसाचे चोवीस तास, अकरा माणसं.
नख वाढत वाढत
त्याच्या पेन्शनच्या गळ्याशी आलं.

टेकडीवरच्या मोठ्या स्टेशनला हे द्यावं लागत नाही, मी म्हटलं.
त्यांचा आवाज हवेतून जातो, तो म्हणाला,
आपला कुठून जातो?
कायद्यात याचं उत्तर आहे.
मी ते दोनदा वाचलं.

पैसे द्यायला तो नाही म्हणत नाही, हेही सांगते.
एका अकॉर्डियनवाल्याची नात आहे, हेल्वी.
ती जन्मायच्या आधीच आजोबा गेले.
तिनं लिहिलं होतं :
दुसऱ्या फेरीआधी ते श्वास घेतात,
तो मी तुमच्याकडे पहिल्यांदा ऐकला.
त्या श्वासाचं देणं आहेच.
फक्त हेल्वीच्या हाती दमडी तरी पोचेल
असा रकाना मी त्या फॉर्मात अजून शोधते आहे.

रेइनोनं एका रात्री गाणं थांबवून
अडखळत सगळं सांगून टाकलं.
दुसऱ्या दिवशी आकडा सात. मग चार.
संपलं, मला वाटलं.
मग ईमेल आले.
नर्स : मंगळवारी मी बंद ठेवीन, माझा वाटा सुताराला द्या.
सुतार : मला एकाआड एक रात्र पुरते.
औलू : वाल्ट्झ आधी लावलेत तर लवकर जाईन.

शुक्रवारी पहाटे आकडा शून्य झाला.
सगळ्यांनी एकदमच त्याला वाचवलं होतं.
तो तरी तबकडी पुसत होता, मांडीवरच्या फडक्यानं, सावकाश.
आज फुकट आहे, मी म्हटलं,
आणि घरी आले.

बूट काढले नाहीत.
स्वयंपाकघरात, दिवा न लावता, लॅपटॉप उघडला.
त्याच्या पडद्यावर एक उमटला असेल.
तो खाकरला, बहुतेक माझ्यासाठी.

दुसऱ्या फेरीआधी कुणीतरी श्वास घेतला.
उद्या वहीत लिहायचं आहे :
एक गाणं, एक माणूस, देणे.